नोस्फेराटू (२०२४) : हाक कोणी मारली?

रातवा

(शेवटासकट सगळं लिहिलं आहे. चित्रपट कोरा बघायचा असेल तर आधी बघून या, मग वाचा.)

२०२५च्या जानेवारीत रॉबर्ट एगर्सचा 'नोस्फेराटू' आपल्याकडे लागला, तेव्हा रात्रीच्या शेवटच्या खेळाला गेलो होतो. सुटल्यावर गाडीची किल्ली हातात धरून पार्किंगमध्ये बराच वेळ उभा होतो. उंदीर, मढी, रक्त हे सगळं बघून झालं होतं, पण डोक्यात घर करून राहिली ती पहिली दोन मिनिटं.

काळोखात एक कोवळी मुलगी रडते आहे. विनवते आहे की कुणीतरी या, मला सोबत करा. देवदूत असो, आत्मा असो, कुणीही चालेल. खिडकीचा पडदा हलतो, पडद्यावर सावली उमटते आणि एक घोगरा आवाज तिला ओ देतो. पुढचे दोन तास ती मुलगी त्या एका हाकेची किंमत मोजते.

ज्यांना मूळ गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' कादंबरी १८९७ची. १९२२ साली एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाने तिच्यावर मूकपट काढला, पण हक्क घेतलेच नव्हते. म्हणून नावं बदलली. ड्रॅक्युलाचा झाला काउंट ऑर्लोक, मीनाची झाली एलन, जोनाथन हार्करचा झाला थॉमस हुटर आणि लंडनच्या जागी आलं विसबोर्ग नावाचं काल्पनिक जर्मन बंदर. तरी स्टोकरच्या पत्नी फ्लॉरेन्स कोर्टात गेल्याच. १९२५मध्ये सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम निघाला. काही प्रती त्यातून वाचल्या, म्हणून आज तो मूकपट आपल्याला बघता येतो. १९७९मध्ये वेर्नर हेर्झोगने क्लाउस किन्स्कीला घेऊन तो पुन्हा केला, आणि आता एगर्सने. एगर्सने शाळेत असताना याच कथेचं नाटक बसवलं होतं. ही गोष्ट त्याच्यात किती खोल मुरली आहे ते पडद्यावर कळतं.

घटनाक्रम बराचसा तोच आहे. १८३८ साल. एलनशी नवं लग्न झालेला हुटर घराच्या व्यवहारासाठी दूर डोंगरात ऑर्लोकच्या वाड्यावर जातो. ऑर्लोक त्याचं रक्त पितो, मग जहाजाने विसबोर्गला येतो आणि सोबत प्लेग आणतो. शेवटी एलन त्याला पहाटेपर्यंत आपल्याजवळ अडकवून ठेवते, ऊन येतं आणि तो संपतो. तीही संपते.

जुन्यात एलन शेवटाला पुढे येते. इथे गोष्ट तिच्यापासूनच सुरू होते. रिमेक कशाला करायचा, जुना चांगला होता की, असं आपण नेहमी म्हणतो. मला वाटतं एगर्सने त्याचं उत्तर दिलं आहे. जुन्या गोष्टीत कुणी न विचारलेला प्रश्न त्याने विचारला : हा राक्षस हिच्याच दारात का आला? आणि उत्तर असं, की हिनेच त्याला बोलावलं होतं.

तुम्हाला काय वाटलं?

चौकस

मला नाही आवडला, स्पष्टच सांगतो. सव्वादोन तास लांबवलाय. आणि ती मिशी! १९२२च्या मूकपटात ऑर्लोक झालेला माक्स श्रेक आठवा. टक्कल, उंदरासारखे पुढचे दोन दात, टोकदार कान, लांबच लांब नखं. एकदा बघितलेला माणूस जन्मात विसरणार नाही. बिल स्कार्सगार्डचा ऑर्लोक अर्धा चित्रपट अंधारात, आणि दिसतो तेव्हा कुठल्यातरी सरदारघराण्यातला आजारी म्हातारा. भीती डोळ्यांना दिसायला नको का?

आवाज मात्र मानला. त्यासाठी त्याने एका ऑपेरा गायिकेकडे शिकून सूर खाली आणला म्हणे. थेटरात खुर्चीला कंप जाणवत होता.

उत्तरवारा

चौकस, मिशीमागे विचार आहे. ऑर्लोक कित्येक शतकांपूर्वी मेलेला ट्रान्सिल्व्हेनियाकडचा सरदार आहे. त्या काळच्या तिथल्या सरदारांची चित्रं बघितली तर मिशी सगळ्यांनाच आहे. स्टोकरच्या कादंबरीतल्या ड्रॅक्युलालाही भरघोस पांढऱ्या मिशा आहेत, मिशी काढली ती सिनेमावाल्यांनी. इथे ऑर्लोकच्या तोंडी डेशियन भाषा घातली आहे. ती बोलणारं आज कुणीही नाही, जाणकारांकडून ती नव्याने बांधून घेतली. एगर्सला अंगावर धावून येणारं मढं हवं होतं, एकेकाळी माणूस असलेलं. उघड्या अंगाचा तो पेटीतून उठतो तेव्हा पाठीचं कुजलेलं मांस दिसतं. ते बघून मी मान फिरवली.

मी हाम्बुर्गजवळ राहते. १९२२चं विसबोर्ग म्हणजे विस्मार आणि ल्युबेक ही दोन गावं. दोन्ही माझ्यापासून तास-दीड तासावर. मूकपटात ऑर्लोक जे घर विकत घेतो ते ल्युबेकमधली मिठाची जुनी गोदामं आहेत, ट्रावे नदीच्या काठाला एकाला एक चिकटून उभी. मी पहिल्यांदा गेले तेव्हा डिसेंबर होता, दुपारी चारलाच अंधार पडलेला. विटांच्या त्या उंच भिंती नि त्यांतल्या अरुंद काळ्या खिडक्या पाण्यात उलट्या दिसत होत्या. त्यातल्या एका खिडकीत तो उभा राहून समोरच्या एलनच्या घराकडे बघतो. मला ते बघायचं होतं, बघितलं, आणि अंगावर काटा आला.

विस्मारमध्ये बंदराकडून गावात येणारी एक वेस अजून उभी आहे. स्वतःची शवपेटी काखेत मारून ऑर्लोक गावात शिरतो ते त्याच वेशीतून. आता तिच्याखालून पोरं सायकली दामटत जातात.

नवीन चित्रपट मात्र जर्मनीत फारसा झालेला नाही. चित्रीकरण बरंचसं चेकमध्ये, प्रागच्या स्टुडिओत उभारलेलं गाव. वाड्याचं बाहेरचं दर्शन रोमानियातल्या कोर्विन किल्ल्याचं.

शेवंती

रातवा, लेख आवडला, पण शेवटचं वाक्य वाचून मी थांबले. "हिनेच त्याला बोलावलं होतं."

हे वाक्य आपण कुणाबद्दल बोलतो? जिच्यावर काही वाईट गुदरलं तिच्याबद्दल. ती तिथे कशाला गेली, तिने दार कशाला उघडलं, तिने त्याच्याशी बोलायचंच कशाला. इथे एका एकट्या पडलेल्या पोरीने सोबत मागितली. तिने राक्षस मागितला नव्हता. जो आला तो तिच्यापेक्षा शेकडो वर्षांनी मोठा होता, आणि ती कोण, किती वयाची हे त्याला पुरतं कळत होतं. याला "बोलावणं" म्हणायचं?

मी हा चित्रपट बघितला तो लहान वयात छळ झालेल्या बाईची गोष्ट म्हणून. ती नवऱ्याला सांगते ना, वडिलांना ती कशा अवस्थेत सापडली, आणि वडील पाप पाप म्हणून ओरडले. तिला जवळ घेतलं नाही, वेड्यांच्या इस्पितळात टाकायला निघाले. तिथून तिच्या मनात लाज बसली ती शेवटपर्यंत.

आणि तो करार विसरू नका. ऑर्लोक हुटरपुढे एक कागद ठेवतो, हुटरला न कळणाऱ्या भाषेत लिहिलेला. मोहोरांची थैली दिसते, हुटर सही करतो. नंतर कळतं की त्या सहीने त्याने बायकोवरचा हक्क सोडून दिला. रक्त पिण्याच्या कुठल्याही दृश्यापेक्षा मला ते दृश्य भयंकर वाटलं. बाईचं काय करायचं ते दोन पुरुषांनी टेबलावर कागद ठेवून ठरवलं, आणि त्यातल्या एकाला ते कळलंसुद्धा नाही.

कोकणकडा

हाकेवरून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या घरी आजीचा नियम होता. रात्री बाहेरून नावाने हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्या हाकेलाही नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारेल, नाहीतर कडी वाजवेल. भूत तिसरी हाक मारत नाही. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. पावसाळ्यात वीज गेलेली, मागच्या पडवीकडून काकाने मला हाक मारली. मी तोंड उघडणार तेवढ्यात आजीने तळहाताने माझं तोंड दाबून धरलं. तिच्या हाताला लसणाचा वास होता. काका बाहेर भिजत तीनदा ओरडला तेव्हा कुठे दार उघडलं.

आपल्या गोष्टींत ते हाक मारतं आणि आपण ओ द्यायची नसते. इथे उलट आहे. पोरगी हाक मारते आणि ते ओ देतं. म्हणून पहिली दोन मिनिटं मला एवढी लागली असावीत. आजीचा नियम इथे कामाचा नाही, कारण हाक आतून गेलेली आहे.

दुसरं म्हणजे, आपली भुतं जागा सोडत नाहीत. मुंजा त्याच्या पिंपळावर, गिऱ्हा त्याच्या पाण्यात. त्या वाटेला गेलं नाही की झालं. हा ऑर्लोक मात्र आपल्या कबरीतली माती पेटीत भरून बरोबर नेतो. जागाच उचलून तुमच्या गावात आणतो. अशा भुतापासून वाट बदलून सुटका नाही.

जुनी_रीळ

चर्चा वाचून आनंद झाला. रातवा, तुमचं एक विधान तेवढं दुरुस्त करतो. प्रश्न कुणी विचारलाच नव्हता असं नाही. मुर्नाऊच्या मूकपटात तो आहे, फक्त त्याला आवाज नाही.

दोन जागा सांगतो. पहिली, वाड्यात ऑर्लोक झोपलेल्या हुटरवर झुकतो आहे. त्याच क्षणी शेकडो मैलांवर एलन झोपेत उठून हात पुढे पसरते आणि नवऱ्याच्या नावाने किंकाळी फोडते. मुर्नाऊ एकदा तिला दाखवतो, एकदा ऑर्लोकला. आणि ऑर्लोक मान वळवतो! हुटरला सोडून मागे बघतो, तिने हाक मारली असावी तसा. मधलं अंतर नुसत्या संकलनाने पुसून टाकलं आहे. १९२२ साली.

दुसरी जागा. एलन समुद्रकिनारी बसून वाट बघते आहे. वाळूत क्रूस रोवलेले आहेत, समुद्रात बुडालेल्यांचे. सगळ्यांना वाटतं नवऱ्याची वाट बघते आहे. पण नवरा येतो आहे जमिनीवरून, घोड्यावर. समुद्रावरून येतो आहे तो ऑर्लोक. मग ती कुणाची वाट बघते? मुर्नाऊ उत्तर देत नाही. एगर्सने तेच क्रूस, तोच किनारा ठेवला आहे, आणि मुर्नाऊने जे बोलायचं टाळलं ते तिच्या तोंडून वदवलं आहे. माझ्या मते रिमेक असा करावा. जुन्या घराला नवा रंग देण्यापेक्षा त्याची एक बंद खोली उघडावी.

आता थोडं जुन्या चित्रपटाविषयी, कारण त्याच्याबद्दल एक मोठा गैरसमज आहे आणि माझाही तो कित्येक वर्षं होता. कॉलेजात असताना एका फिल्म सोसायटीत सोळा मिलिमीटरची प्रत बघितली. कृष्णधवल, भरपूर ओरखडे, संगीत नाही, नुसता प्रोजेक्टरचा खडखडाट. उत्तरवारा म्हणतात त्या दृश्यात ऑर्लोक शवपेटी घेऊन गावातून चालला आहे, आणि टळटळीत दुपार! जमिनीवर त्याची सावली पडलेली. सगळे हसले. मीही हसलो. उन्हात मरणारा पिशाच्च उन्हातून फिरतो, दिग्दर्शकाला एवढंही कळू नये?

वीसेक वर्षांनी दुरुस्त केलेली प्रत बघायला मिळाली. तेच दृश्य, पण निळं. तेव्हा समजलं. त्या काळच्या फिल्मवर रात्री चित्रण करणं अवघड होतं. दिवसा चित्रण करायचे आणि छापताना ती पट्टी निळ्या रंगात रंगवायचे. निळं म्हणजे रात्र, पिवळसर म्हणजे दिव्याचा उजेड, गुलाबी म्हणजे पहाट. नंतरच्या प्रती काढणाऱ्यांनी रंग गाळला, आणि रात्रीची दुपार झाली. आम्ही मुर्नाऊला हसलो होतो, आणि चूक प्रत काढणाऱ्याची होती. अजूनही नेटवर रंग नसलेल्या प्रती भरपूर आहेत. बघायचाच तर निळ्या रात्रींचा बघा, एवढी विनंती.

जाता जाता : तो मूकपट काढणाऱ्या कंपनीचं नाव होतं 'प्राना फिल्म'. हा आपलाच 'प्राण'. तिचा एक भागीदार आल्बिन ग्राऊ गूढविद्येच्या नादातला होता. ऑर्लोकचं रूपडं, नेपथ्य, कपडे सगळं त्याच्या हातचं. कंपनीने हा एकच चित्रपट काढला आणि ती दिवाळखोरीत गेली.

रातवा

जुनी_रीळ काका, मनापासून आभार. काल रात्री निळी प्रत शोधून बघितली. ऑर्लोक मान वळवतो तिथे मी चारदा मागे नेऊन बघितलं. मी आधी दोनदा हा मूकपट बघितला होता आणि दोन्ही वेळा ती मान नुसती वळलेली बघितली, ऐकताना बघितली नाही.

शेवंती, तुमचं म्हणणं दोन दिवस मनात घोळतं आहे. "बोलावलं" हा शब्द मी सहज लिहून गेलो. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, पोरीने सोबत मागितली. तो शब्द मी मागे घेतो. पण एक गोष्ट मला अजून सुटत नाही. उत्तरार्धात ऑर्लोक तिला म्हणतो की मी नुसती भूक आहे, आणखी काही नाही. आणि ती त्याच्यापुढे आपलं मन उघडं करते. लग्नाच्या स्वप्नाचं आठवा : ती मृत्यूशी लग्न लावते, मागे वळून बघते तर सगळे मेलेले, आणि ती म्हणते की इतकी सुखी मी कधीच नव्हते. हे नुसतं भोगलेल्याचं बोलणं वाटत नाही. तिच्या आत काहीतरी आहे जे तिचं स्वतःचं आहे. ते नाकारलं तर आपणही तिच्या वडिलांसारखंच करतो का?

पारिजात

मी मनोरुग्ण विभागात परिचारिका आहे. एलनबद्दल जरा लिहिते.

तिला झटके येतात तेव्हा डॉक्टर झीव्हर्स काय करतात बघा. इथर हुंगायला देतात, हातपाय पलंगाला बांधतात, झोपतानाही कॉर्सेट घालायला सांगतात, म्हणजे अंग ताठ राहील. डॉक्टर वाईट माणूस नाही. तेव्हाच्या शास्त्रात बाईच्या या सगळ्याला एकच नाव होतं, हिस्टेरिया. खोलीत दोन-तीन पुरुष उभे राहून तिच्याविषयी बोलतात, ती ऐकते आहे याची कुणाला पर्वा नाही. ती दरवेळी खरं तेच सांगते. तो येतो आहे, सगळे मरतील. आणि दरवेळी तिला झोपवलं जातं.

एलन झालेल्या लिली-रोझ डेपने ते झटके स्वतःच्या शरीराने केले आहेत, त्यासाठी जपानी बुटो नृत्याच्या जाणकार बाईंकडे शिकली. मी खरे झटके पुष्कळ पाहिले आहेत. पाठीची कमान होते, डोळे वर जातात, श्वास अडकतो. थेटरात माझा हात आपोआप घड्याळाकडे गेला. झटका किती वेळ चालला ते मोजायची आम्हाला सवय असते.

माझ्या आत्याला लहानपणी असं व्हायचं. गावात म्हणाले बाहेरची बाधा आहे. अमावास्येला देवऋषाकडे न्यायचे, मिरच्यांची धुरी द्यायचे. सतराव्या वर्षी शहरात आणली, तपासणी झाली, अपस्मार निघाला. गोळ्या सुरू झाल्या आणि झटके थांबले. पण आत्या मला एकदा म्हणाली, गोळ्यांनी झटके गेले, धुरीची भीती गेली नाही. आजही फोडणीत मिरची जळली की ती उठून गच्चीत जाते.

रातवा, तुमच्या प्रश्नाबद्दल. आत्याला झटका येण्याआधी काही क्षण खूप छान वाटायचं. सगळं लख्ख, अगदी सोन्यासारखं. हे तिने म्हातारपणी सांगितलं, त्याआधी कुणालाच नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, बघा, हिलाच ते हवं आहे. एलनचं सुखाचं बोलणं मी असं ऐकलं. सुख होतं म्हणून ती गुन्हेगार होत नाही.

म्हणून मला गूढविद्येचा जाणकार प्राध्यापक फॉन फ्रान्झ आवडला, विलेम डॅफोने केलेला. तिला ऐकून घेणारा तोच पहिला. तो सांगतो की जुन्या काळात तू इसिस देवीची मोठी पुजारीण झाली असतीस. जिला सगळे रोगी म्हणतात तिला तो मान देतो. आणि मान देऊन तिलाच मरायला पाठवतो, हेही खरं. नवऱ्याला दुसरीकडे घेऊन जातो, तिला वेळ मिळावा म्हणून.

चौकस

पारिजात, तुमच्या आत्याचं वाचून काही सुचेना.

चित्रपट लांबला हे माझं मत कायम आहे. हुटरचा मित्र हार्डिंग, ज्याच्याकडे एलन राहते, त्याच्या घरातले प्रसंग मला पुन्हा पुन्हा तेच वाटले. पण झटक्यांची दृश्यं मी कंटाळून बघितली होती आणि आता तसं म्हणवत नाही.

डॅफोवरून आठवलं. २०००च्या 'शॅडो ऑफ द व्हॅम्पायर'मध्ये त्यानेच माक्स श्रेकचं काम केलं होतं. मुर्नाऊने खरोखरीचा पिशाच्चच नट म्हणून घेतला होता अशी कल्पना. ऑस्करचं नामांकनही होतं. पंचवीस वर्षांनी तो त्याच गोष्टीत पिशाच्च मारायला आला.

उत्तरवारा

प्रकाशाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. छायालेखक जॅरिन ब्लाश्के, पस्तीस मिलिमीटर फिल्मवर चित्रण. घरातली दृश्यं बरीचशी खऱ्या मेणबत्त्यांच्या आणि शेगडीच्या उजेडात. चांदण्याच्या दृश्यांसाठी लाल रंग अडवणारा फिल्टर वापरला, त्यामुळे कातडी राखेसारखी दिसते. जुनी_रीळ यांनी निळ्या रात्रींचं लिहिलं ते वाचून मला वाटलं, शंभर वर्षांनी तोच प्रश्न, रात्र कशी दाखवायची. मुर्नाऊने निळा रंग वरून चढवला, ब्लाश्केने लाल आतून काढून घेतला.

हुटर जंगलात चौकात उभा असतो, बर्फ पडतंय, आणि दोन्ही बाजूंच्या झाडांमधून ती बग्गी येते. बग्गीवर कुणी नाही, दार आपोआप उघडतं. सगळं जवळजवळ कृष्णधवल. कोकणकडा, तुमच्याकडे याला चकवा म्हणतात ना? चाललाय माणूस पायाने, नेणारा दुसराच.

छायाचित्रण, नेपथ्य, वेशभूषा, रंगभूषा अशी चार ऑस्कर नामांकनं होती. एकही मिळालं नाही.

कोकणकडा

चकवाच. चकव्यात माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो, हुटर मात्र ठरलेल्या जागी पोचतो. तेवढा फरक. त्या बग्गीच्या दृश्यात मी पाय वर घेऊन बसलो होतो.

जुनी_रीळ

एक राहिलं. उन्हाने पिशाच्च मरतो ही कल्पना स्टोकरची नाही. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही फिरतो, फक्त त्याची शक्ती कमी असते. तो मरतो सूर्यास्ताच्या वेळी, दोन सुऱ्यांनी. त्यातली गळ्यावर फिरते ती जोनाथनची कुकरी! पुरुषांची टोळी युरोपभर त्याचा पाठलाग करून त्याला मारते. उन्हाने संपवणं मुर्नाऊच्या मूकपटातून आलं आणि मग सगळ्या जगाने उचललं.

याचा शेवंती आणि रातवा यांच्या वादाशी संबंध आहे. सुरीने मारायचं तर पुरुष लागतात. उन्हाने मारायचं तर कुणीतरी त्याला पहाटेपर्यंत थांबवायला हवं. शेवट बदलला आणि सगळा भार एलनवर आला. एगर्सने तो तिथेच ठेवला. फॉन फ्रान्झ, हुटर आणि झीव्हर्स हातात खिळा घेऊन ऑर्लोकच्या घरी जातात, पेटी उघडतात, तर आत तो नाहीच, त्याच्या नादी लागलेला हुटरचा मालक क्नॉक आहे. कादंबरीतली टोळी रिकाम्या घरात पोचते, आणि खरं काम दुसऱ्या खोलीत एक बाई एकटी करते आहे.

शेवंती

काका, हे फार छान सांगितलंत. आणि पारिजात, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला.

रातवा, तुमचा प्रश्न रास्त आहे. तिच्या आत जे आहे ते तिचं आहे हे मला मान्य. मला एवढंच म्हणायचं होतं की त्याला लाज कुणी चिकटवली ते विसरू नये. शेवटच्या रात्री ती नवरीचा पोशाख घालते, फुलं घेते आणि स्वतः त्याला आत घेते. या वेळी ती हाक मारते तेव्हा तिला माहीत आहे कोण येणार आहे. पहिल्या हाकेत आणि या हाकेत तेवढा फरक आहे, आणि माझ्यासाठी तो सगळ्यात मोठा आहे. तरी तिला मरावं लागलं याचा राग माझ्या मनातून जात नाही. गावातल्या एकालाही कळणार नाही की प्लेग कुणी थांबवला.

परवा घरी पुन्हा लावला होता. आई भयपट बघत नाही, पण येऊन बसली. उंदरांच्या वेळी उठून गेली, मग परत आली. शेवटी फॉन फ्रान्झ त्या दोन देहांवर लायलॅकची फुलं ठेवतो तेव्हा आई बराच वेळ बोलली नाही. मग विचारलं, "हिच्या माहेरी बाईमाणूस कुणीच नव्हतं का गं?" मला सांगता येईना. तुम्हाला कुणाला आठवतं का?

रातवा

काकूंना सांगा, माहेरचं बाईमाणूस पडद्यावर एकही दिसत नाही. वडीलसुद्धा फक्त तिच्या बोलण्यात येतात. तिची म्हणावी अशी एकच आहे, ॲना हार्डिंग. ती तिच्या उशाशी बसते, रात्री तिच्याजवळ झोपते, नवरा चिडला तरी. पोटुशी असताना. आणि तिच्याच घरात दोन्ही मुलींसकट मरण शिरतं.

रविवारी मी तिसऱ्यांदा बघणार आहे. या खेपेला ऑर्लोककडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं आहे. ॲना एलनचा हात पहिल्यांदा कधी धरते तेवढं बघायचं आहे. बघून इथे लिहितो.